रोबोचा झुकाव मोजायला एमपीयू-६०५० सेन्सर घ्यावा की बीएनओ०५५?
इंदूरला दोन चाकांवर तोल सांभाळणारा रोबो करताय ना, मग सरळ एमपीयू-६०५० घ्या, जेल रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात दोनेकशे रुपयांत मिळून जातो, ॲक्सेलरोमीटर (त्वरण मोजणारा) आणि जायरो (फिरण्याचा वेग मोजणारा) दोन्ही आहेत, पुढेमागे किती झुकलाय ते कळायला तेवढं पुरतं, फक्त दोघांचं गणित सहसा कॉम्प्लिमेंटरी फिल्टर (दोघांची मापं ठरावीक प्रमाणात मिसळायचं सूत्र) लावून आपणच जुळवतो.

पण दिशा? मॅग्नेटोमीटरच, म्हणजे होकायंत्रासारखा चुंबकीय सेन्सरच, नाही त्यात. माझा रोबो टेबलावर गप उभा होता तरी स्क्रीनवर यॉचा (डावी-उजवीकडे वळण्याच्या कोनाचा) आकडा हळूहळू सरकतच होता.

बॉशचा बीएनओ०५५ कितीतरी पट महाग, पण मॅग्नेटोमीटर धरून ९ अक्ष, फ्यूजन (तिन्ही सेन्सरांचं गणित जुळवणं) चिपमध्येच होतं, सेकंदाला १०० वेळा तयार कोन हातात. मात्र मोटरपासून लांब बसवा हं, तिच्या चुंबकाने उत्तर दिशा भलतीकडेच दाखवतो.