लिंबसच्या पेशी कशावर वाढवायच्या: वारेचा पडदा की फायब्रिन?

शिरोलीच्या फाउंड्रीत भाजलेला डोळा असो, की चुन्याची पुडी फुटून पोळलेला पोराचा. अशा डोळ्यात लिंबसच्या, म्हणजे बुबुळाच्या काठावरच्या, मूळपेशी जळतात आणि कॉर्नियाचा वरचा थर नव्याने भरत नाही. एकच डोळा गेला असेल आणि दुसरा धडधाकट असेल, तर आधी २०१२ साली हैदराबादच्या डॉक्टरांनी मांडलेल्या 'स्लेट'चा, म्हणजे चांगल्या डोळ्यातला लिंबसचा छोटा तुकडा थेट भाजलेल्या डोळ्यावर लावण्याच्या शस्त्रक्रियेचा, विचार करा. तिला पेशी वाढवणारी कल्चर लॅबच लागत नाही. तरीही कोल्हापुरात लॅब उभी करायचीच असेल, तर पेशी कशावर वाढवायच्या हे आधी ठरवावं लागतं.

फायब्रिन, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचं जेल, दिसायला देखणं. ते पारदर्शक, त्यामुळे इनव्हर्टेड मायक्रोस्कोपखाली पेशी स्वच्छ दिसतात. प्रत्येक बॅच सारखी. २०१५ साली युरोपात मंजुरी मिळालेलं होलोक्लार, म्हणजे रुग्णाच्याच लिंबसच्या पेशींपासून बनवलेला थर, फायब्रिनवरच आहे.

अडतं ते विरघळण्यापाशी. सीरममधल्या प्लाझ्मिनोजेनचं पेशी प्लाझ्मिन, म्हणजे फायब्रिन विरघळवणारं एन्झाइम, करतात आणि पायाखालचं जेलच खातात. म्हणून दर वेळी मीडियम (पेशींना पोसणारं द्रव) बदलताना प्लाझ्मिनला अडवणारं अ‍ॅप्रोटिनिन घालावं लागतं. एक खेप चुकली की कडा सुटते, मग मधे भोक पडतं आणि चिमट्यात धरताच सगळा थर फाटतो. पेशी उत्तम वाढलेल्या असताना हे होतं, त्याचा त्रास जास्त. इतरांचा अनुभव वेगळा असेल, पण आमच्या टेबलावर पारडं इथेच फिरलं.

वारेचा पडदा, म्हणजे वारेच्या आतल्या बाजूचं पातळ अ‍ॅम्नियन, मेहनत मागतो. सिझेरियनची वार घ्या, आईच्या एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी आणि सिफिलिसच्या तपासण्या करा. अँटिबायोटिकच्या सलाइनने रक्त जाईपर्यंत धुवा, कोरिऑनपासून, म्हणजे खालच्या जाड थरापासून, बोटांनी हळूच सोडवा, नायट्रोसेल्युलोज कागदावर पसरा. साठवायला ग्लिसरॉल आणि डीएमईएम (पेशींचं तयार मीडियम) निम्मेनिम्मे, उणे ८० अंश. वापरताना पडद्यावरच्या मूळच्या पेशी काढायला ०.२५ टक्के ट्रिप्सिन-ईडीटीए, ३७ अंशांवर साधारण १५ मिनिटं, मग स्क्रेपरने अलगद खरवडा. जास्त वेळ ठेवलं तर बेसमेंट मेंब्रेन, म्हणजे नव्या पेशी जिच्यावर चिकटतात तो थरच, खराब होते. बायोप्सीचे १-२ मिलिमीटरचे तुकडे ठेवले की पहिल्या दिवशी मीडियम जेमतेम ओलावेल एवढंच; जास्त झालं तर तुकडे तरंगतात. दोनेक आठवड्यांत थर तयार होतो. पडदा धूसर असल्याने पेशी नीट दिसत नाहीत, जाडीही वारेगणिक बदलते, हे मान्य. पण तो टाका धरतो, आणि चिमट्याने उचलताना हात थरथरत नाही.

फक्त बाजू चुकवू नका. कोरड्या स्पंजचं टोक टेकवून उचला: चिकट तार ओढली गेली तर ती स्ट्रोमाची, म्हणजे आतल्या मऊ थराची बाजू, ती खाली. पेशी दुसरीवर.