बँकॉकचा ‘करमुक्त’ नीलम

एका नीलमापायी माझे 71,818 रुपये 46 पैसे बँकॉकमध्ये गेले, ही गोष्ट मी आजवर घराबाहेर कोणाला सांगितली नव्हती. आता सांगतो, कारण बडोद्याच्या दांडिया बाजारातली आमच्या ओळखीची दोन कुटुंबे येत्या सुट्टीत तिकडेच निघाली आहेत.

फाहुरात हा तिथला कापडाचा बाजार. जवळच गुरुद्वारा, साड्यांची दुकाने आणि कानावर सतत हिंदी-पंजाबी, त्यामुळे परदेशात प्रथमच गेलेला माणूस तिथे नको इतका निर्धास्त होतो. त्याला लागूनच असलेल्या सॅम्पेंगच्या अरुंद, खचाखच भरलेल्या गल्लीतून आम्ही बाहेर पडलो आणि ग्रँड पॅलेसचा रस्ता विचारू लागलो, तेव्हा गळ्यात ओळखपत्र घातलेले, स्वतःला शिक्षक म्हणवणारे एक गृहस्थ आपणहून पुढे आले आणि म्हणाले की धार्मिक समारंभामुळे पॅलेस दुपारपर्यंत बंद आहे. ग्रँड पॅलेस परदेशी पाहुण्यांसाठी एरवी रोज सकाळी 8.30 पासून उघडा असतो. बंद असल्याचे कोणी सांगितले तर थेट तिकीट खिडकीपर्यंत चालत जा. त्यांनी आमच्या नकाशावर दोन देवळे आणि एक ‘सरकारी निर्यात केंद्र’ अशी तीन वर्तुळे काढली, केंद्रातल्या करमुक्त विक्रीचा आज शेवटचा दिवस असल्याचे सांगितले आणि 40 बाटमध्ये सगळीकडे फिरवणारे टुकटुक (तिथली तीनचाकी रिक्षा) स्वतः थांबवून दिले. 40 बाटमध्ये तासभर कोणी फिरवत नाही.

पहिल्या देवळात ‘योगायोगाने’ भेटलेल्या दुसऱ्या सद्गृहस्थांनी त्याच विक्रीचे गुण गायले. पुढचे तुम्ही ओळखलेच असेल.

मला आजही झोंबतो तो दुकानाच्या दारातला क्षण. आम्ही खाली उतरतो न उतरतो तोच दरवानाने टुकटुकवाल्याच्या हातात, गिऱ्हाईक आणल्याबद्दल, पेट्रोलचे गुलाबी कूपन ठेवले आणि त्याने ते घडी करून शर्टाच्या खिशात सरकवले. मी ते पाहिले, सौभाग्यवतींनी पाहिले, तिने माझी बाही ओढली, आणि तरीही आम्ही आत गेलो. मंगळ बाजारात शंभर सांगितले तर चाळिसापासून सुरुवात करणारी माणसे आम्ही. पण मेहुण्याला साडेसाती चालू आहे, ज्योतिषांनी नीलम सुचवलेला होता आणि समोरचा विक्रेता स्वच्छ हिंदीत बोलत होता. बडोद्यात याचे दुप्पट येतील असेही तो म्हणाला, पण मला काही धंदा करायचा नव्हता, त्यामुळे हाव सुटली असे कृपया कोणी म्हणू नये. (दुप्पट येत असतील तर हा स्वतःच का विकत नाही, हे विचारायचे मात्र राहिले.)

28,500 बाट कार्डावर गेले. त्याचे 68,970 रुपये, त्यावर बँकेचा 3.5 टक्के परकीय चलन अधिभार 2,413.95 आणि त्या अधिभारावर जीएसटी 434.51. पाकीट लाखेने बंद करून दिले आणि ते फोडल्यास हमी रद्द होईल असे बजावले, म्हणजे तिथेच दुसरीकडे दाखवायची सोय उरली नाही. घडियाळी पोळातल्या आमच्या नेहमीच्या सराफांनी भिंगातून पाहून सांगितले की खडा खरा आहे, पण हलक्या प्रतीचा, फार तर सहा हजारांचा. विकणाऱ्यानेच दिलेल्या प्रमाणपत्राला कवडीची किंमत नसते. स्वतंत्र प्रयोगशाळेचे नसेल तर उठून चालू लागा.

शंका मला त्याच संध्याकाळी आली होती आणि मी तिथल्या एका पोलीस चौकीत गेलोही होतो. खडा खोटा आहे का, पावती मिळाली का, जबरदस्ती झाली का, एवढे तीन प्रश्न विचारून अधिकाऱ्याने ‘मग हा तुमचा सौदा’ म्हणत मला वाटेला लावले. परतल्यावर बँकेने कळवले की पिन तुम्हीच टाकला, सबब व्यवहार वैध. इथल्या ठाण्यात दोन तास बाकावर बसवल्यानंतर हद्द आमची नाही असे उत्तर मिळाले, आणि वर हवालदारसाहेबांनी हसत विचारले, ‘काका, बडोद्यात सराफ संपले होते का?’ अर्जाची पोच मागितली तर शिक्का सापडत नव्हता. अधिभार कापताना बँकेला माझी हद्द बरोबर सापडते, तक्रार आली की ती कोणालाच सापडत नाही.

बँकॉकमध्ये असतानाच संशय आला तर पर्यटक पोलिसांचा 1155 हा क्रमांक लावा, तोही दुकानात उभे असतानाच, कारण परतल्यावर हातात काही उरत नाही. दुकानदाराने माझ्या तिसऱ्या ईमेलला उत्तर दिले: पावती आणि न फोडलेले पाकीट घेऊन स्वतः हजर व्हा, 30 टक्के कापून बाकीचे परत करू. पाकीट तर सराफांकडेच फोडले होते.