आद्याक्षर, धातू की वापर : इंग्रजी शब्दांची कोणती यादी धरावी?

इंग्रजी शब्द वाढवायचे ठरवले की बहुतेकांच्या हाती आधी येते ती 'ए'पासून सुरू होणारी यादी. दुसरा पर्याय लॅटिन-ग्रीक धातूंनुसार, म्हणजे शब्दांच्या मूळ घटकांनुसार, गट पाडलेल्या यादीचा, आणि तिसरा जास्त वापरातले शब्द आधी घेणाऱ्या यादीचा. वेळ मोजका असेल तर यातली एकच धरावी लागते. माझं झुकतं माप धातूंकडे आहे, पण ते सगळ्यांना लागू नाही.

वर्णानुक्रम मुळात शब्द शोधण्यासाठी आला. 1604 मध्ये रॉबर्ट कॉड्री या शिक्षकाने काढलेला कोश पहिला इंग्रजी-इंग्रजी कोश मानला जातो. त्यात साधारण 2500 अवघड शब्द होते. वाचकांना या मांडणीची सवयच नव्हती. म्हणून आधी अक्षरांचा क्रम तोंडपाठ करा, बी सुरुवातीला, एन मध्यावर, टी शेवटाकडे, असं त्याला प्रस्तावनेत बजावावं लागलं. उलट 1852 मध्ये पीटर रॉजे यांनी आपला शब्दकोश अर्थाच्या गटांनी लावला, आणि शब्द सापडावेत म्हणून त्यालाही शेवटी वर्णानुक्रमाची सूची जोडावीच लागली.

पाठांतराला मात्र हा क्रम आडवा येतो, कारण दिसायला सारखे शब्द एकाच बैठकीत समोर येतात. अबेट (ए-बी-ए-टी-ई) म्हणजे ओसरणे आणि अबेट (ए-बी-ई-टी) म्हणजे गुन्ह्याला साथ देणे. देवनागरीत दोन्ही हुबेहूब. इंग्रजी उच्चारात पहिल्यातला 'ए' लांब आणि दुसऱ्यातला तोकडा एवढाच फरक, आणि यादीत दोघे जवळजवळच. ॲडव्हर्स म्हणजे प्रतिकूल, ॲव्हर्स म्हणजे एखाद्या गोष्टीची नावड असलेला. ही जोडीही अशीच घोळ घालते. शिवाय अशा याद्या सहसा डी-ईच्या पुढे सरकत नाहीत, आणि इंग्रजी कोशात सर्वांत मोठा विभाग असतो एसचा!

गंमत म्हणजे याच यादीत धातूंचे गट लपलेले असतात. अब्डक्ट म्हणजे पळवून नेणे, अब्स्कॉन्ड म्हणजे फरार होणे, अब्स्टेन म्हणजे दूर राहणे. तिन्हींत सुरुवातीच्या 'अब'चा अर्थ लॅटिनमध्ये 'पासून दूर' असा आहे. इथे सारखी अक्षरं अर्थही सोबत घेऊन येतात. शेजारच्या अबेटच्या जोडीत तसं नाही, तिथली सुरुवात वेगळ्या मुळातून आली आहे.

'स्पेक्ट' हा लॅटिनमधला पाहण्याचा धातू घ्या. इन्स्पेक्ट म्हणजे आत डोकावून तपासणे. रेट्रोस्पेक्ट म्हणजे मागे वळून पाहणे. प्रॉस्पेक्टमध्ये नजर पुढे जाते, म्हणून पुढची शक्यता. सस्पेक्टमध्ये ती खालून वर जाते, म्हणून संशय. रिस्पेक्टमध्ये कुणाकडे तरी पुन्हा वळून पाहिलं जातं, त्यातून आदर आला. एवढं कळल्यावर सर्कमस्पेक्ट हा शब्द कधी भेटला नसला तरी 'सर्कम' म्हणजे भोवती, म्हणजे चौफेर नजर ठेवणारा, सावध, इथपर्यंत आपण पोचतो. ज्याने आगमन, निर्गमन, बहिर्गमन हे शब्द उपसर्ग सुटे करून पाहिले आहेत, त्याला ही तोडफोड परकी वाटणार नाही.

पण धातूही फसवतात. पेडल आणि पेडेस्ट्रियन यांतला 'पेड' लॅटिनमधला, अर्थ पाय. पीडियाट्रिशियन म्हणजे बालरोगतज्ज्ञ, त्याच्या आरंभी अमेरिकन लेखनात तीच तीन अक्षरं दिसतात, पण तो ग्रीकमधून आलेला 'मूल' आहे. 'इन' लागला की अर्थ उलटा होतो असं धरून बसलात तर इन्फ्लेमेबल ज्वालाग्राहीच निघतो आणि इन्व्हॅल्युएबल अमूल्य. बोलण्यातली इंग्रजी तर या पद्धतीच्या बरीचशी बाहेर राहते. गेट, पुट, सेट, रन हे जर्मॅनिक घराण्यातले छोटे शब्द. पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे आणि पुट अप विथ म्हणजे सहन करणे, हे कोणत्याही लॅटिन धातूतून काढता येत नाही.

आद्याक्षरांचा आणखी एक खेळ आहे. एस-एनने सुरू होणारे कितीतरी शब्द नाकाशी जाऊन भिडतात. स्नोअर म्हणजे घोरणे, स्नीझ म्हणजे शिंकणे, स्निफ म्हणजे हुंगणे. जी-एलने सुरू होणारे ग्लिटर, ग्लीम, ग्लो, ग्लिमर उजेडाचे, जसे आपले चमक, चकाकी, चकचकीत. अशा ध्वनिगुच्छांना 1930 मध्ये भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी फोनेस्थीम हे नाव दिलं. लक्षात ठेवायला झकास, पण स्नेक, स्नो आणि ग्लव्ह मध्येच येऊन गुच्छ मोडतात. के-एन (नाइफ, नी, नॉट) किंवा ओ-यू-जी-एच (टफ, दो, थ्रू) हे गट फक्त स्पेलिंग आणि उच्चारापुरते.

वापरानुसार यादी हवी असेल तर मायकेल वेस्ट यांची 1953 ची सुमारे 2000 शब्दांची यादी आहे. विद्यापीठीय वाचनासाठी ॲव्हरिल कॉक्सहेड यांची 2000 सालची 570 शब्दकुलांची (मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपं मिळून एक कुल). इथेही एक मेख आहे. थॉमस टिंकहॅम आणि रॉब वॉरिंग यांच्या 1990 च्या दशकातल्या प्रयोगांत कपड्यांच्या नावांसारखे एकाच अर्थगटातले शब्द एकदम शिकणं अवघड गेलेलं दिसलं. म्हणून सारख्या शब्दांपैकी एक पक्का होऊ द्यावा, मग दुसऱ्याला हात घालावा. अबेटच्या जोडीलाही माझा हाच सल्ला.

बोलायला अडत असेल तर वेस्ट यांच्या यादीपासून सुरुवात करावी, धातू नंतर. ज्या परीक्षेत अनोळखी शब्दांचे अर्थ विचारतात, तिथे आधी धातू. उच्च शिक्षणाचं वाचन असेल तर कॉक्सहेड आणि धातू एकत्र चालतात, कारण त्या यादीतले बहुतेक शब्द लॅटिन-ग्रीकच आहेत. निव्वळ अक्षरांची यादी जिंकते ती स्क्रॅबल या अक्षरं जुळवून शब्द करण्याच्या खेळात. तिथे क्यूचे 10 गुण असतात आणि यू हाती नसताना क्यू-आय हा दोन अक्षरी शब्द कामी येतो. उच्चार ची, अर्थ चिनी विचारातली प्राणशक्ती. तसाच क्यूने सुरू होणारा कनात, म्हणजे इराणमधला पाण्याचा भुयारी कालवा. खेळताना अर्थ कुणी विचारत नाही.