परदेशस्थ देशी लेखकांची नियतकालिकं : आठ महिन्यांच्या वाचनानंतर

जळगावातल्या आमच्या वाचनगटात आठ महिने तीन नियतकालिकं नेमानं वाचली जातायत : लंडनचं त्रैमासिक 'वसाफिरी', ऑनलाइन निघणारं 'जॅगरी' (म्हणजे आपला गूळच) आणि मायबोली या मराठी संकेतस्थळाचा 'हितगुज दिवाळी अंक'. एवढ्या वाचनानंतर एक गोष्ट ठामपणे सांगता येते. कुणी पाठवलेली सुटी लिंक उघडून वाचली की फारसं हाती लागत नाही, अंक सलग वाचा.

कारण संपादकाचं खरं काम मांडणीत असतं. 'परदेशस्थ' म्हटलं की आपल्याकडे कंपनीनं अमेरिकेला पाठवलेला इंजिनिअर डोळ्यांसमोर येतो. पण 1838 पासून ब्रिटिश गयानात गिरमिटावर, म्हणजे मुदतीच्या मजुरीकरारावर, नेलेल्या मजुरांचे वंशजही त्यातच येतात, पूर्व आफ्रिकेतून इंग्लंडला गेलेली गुजराती घराणीही येतात आणि मॉरिशसचे मराठी भाषकही. सुशीला नास्ता यांनी 1984 मध्ये 'वसाफिरी' सुरू केलं तेव्हापासून त्यात आफ्रिकी, कॅरिबियन आणि आशियाई लेखन शेजारी-शेजारी छापलं जातं. स्वाहिलीत 'वसाफिरी' म्हणजे प्रवासी. मूळ अरबी 'सफर', आपल्याला परका नसलेला शब्द.

अशा मासिकांमुळे पुढे काय घडतं, ते टोरांटोत दिसतं. एम. जी. वासनजी आणि नूरजहाँ अझीझ यांनी 1980च्या दशकाच्या सुरुवातीला तिथं दक्षिण आशियाई लेखनाचं नियतकालिक काढलं. त्यातूनच प्रकाशनसंस्था उभी राहिली, आज ती 'मावेन्झी हाउस' नावानं चालते. आधी अंकात एक कथा, मग पुस्तक, ही वाट नवख्या लेखकाला मासिकच मोकळी करून देतं.

वाचायची आमची पद्धत साधी आहे. पंधरा दिवसांत तीन-चार मजकूर, ए-फोरवर मोठ्या अक्षरात छापून. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं परिच्छेदागणिक मराठीत किंवा अहिराणीत तोंडी सांगायचं. दीड तासापुढे बैठक ताणली की चर्चा सैल पडते.

सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते शब्दांबाबत. 'तिनं कळण्याची भाकरी थापली' हे वाक्य इंग्रजीत न्यायचंय, समजा. 'ब्रेड' लिहिलं की परक्या वाचकापुढे पाव येतो. तळटीप दिली की कथा अडते. या अंकांमधले चांगले लेखक शब्द तसाच ठेवतात, तिरपा टाइप नाही, कंसात अर्थ नाही. मग आधीच्या वाक्यात ज्वारी आणि उडीद एकत्र दळायला गेलेले दिसले की काम होतं. वाचक बाकीचं स्वतः जोडून घेतो. आपल्याकडच्या अनुवादकांनी हे जरूर उचलावं.

लेखन पाठवणार असाल तर नियमावली आधी नीट वाचा. कविता बहुतेक ठिकाणी तीन ते पाच मागतात, प्रत्येक नव्या पानावर. गद्य 12 पॉइंटात, दुप्पट ओळअंतरानं. परिचय तृतीयपुरुषी, पन्नासेक शब्दांचा. अनुवादाला मूळ लेखकाची लेखी परवानगी लागते. लेखक हयात नसेल तर भारतीय कायद्यानुसार मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क वारसांकडे असतो. मराठी मूळ मजकूर जोडताना युनिकोडच वापरा, जुन्या फॉन्टातली फाइल तिकडे उघडली की नुसती चिन्हं दिसतात. फेसबुकवर टाकलेली कविता अनेक संपादक 'आधी प्रकाशित' धरतात. आमच्या गटातला एक चांगला अनुवाद एवढ्यासाठीच परत आला. शुल्क असेल तर बँकेच्या ॲपमधून कार्डावरचे परदेशी व्यवहार आधी सुरू करून घ्या, ते बरेचदा बंद असतात.

मोठी उणीव भाषेची आहे. इंग्रजी मासिकांत ऐकू येतो तो इंग्रजीत लिहिणाऱ्यांचाच आवाज. तिकडे राहून मराठीत लिहिणाऱ्यांना जागा मिळते ती 1996 साली सुरू झालेल्या मायबोलीसारख्या ठिकाणी, पण तिथलं लेखन इंग्रजीत फार थोडं जातं. दोन्हीकडचे वाचक एकमेकांना भेटतच नाहीत, याची फार खंत वाटते. दोन्ही भाषा येणारे अनुवादक धुळे-नंदुरबार-जळगावात आहेत, त्यांनी दिवाळी अंकातली एखादी कथा निवडून कामाला लागावं.

आणि लेखन पाठवायच्या मुदतीची वेळ घड्याळ लावून पाहा. लंडनची मध्यरात्र उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेचारला होते, हिवाळ्यात साडेपाचला. न्यूयॉर्कची सकाळी साडेनऊ किंवा साडेदहाला. आदल्या संध्याकाळीच पाठवून मोकळं व्हा.