टीव्ही आधी पाठीकडून पाहिला

नळीवाला टीव्ही (जुना, पाठीकडे खोक्यासारखा फुगलेला सीआरटी) घेतला असं सांगितलं की लोक आधी माझ्या तोंडाकडे बघतात, मग विचारतात, "चालतो का?" चालतो. २९ इंची, सपाट काचेचा, वापरलेला. उचलून आणणाऱ्या दोघांनी "पुन्हा हलवायला आम्हाला बोलवू नका" असं बजावलंय. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे थोडं उणंदुणं काढणार आहे.

कारण कॅसेटी. घरात व्हीएचएसच्या तीसेक कॅसेटी, एक हाय-एटचा (छोट्या कॅसेटवर चित्रण करणारा) हँडीकॅम आणि जुना डीव्हीडी प्लेयर. हे सगळं नव्या टीव्हीला जोडायला आधी एक बोटभर कन्व्हर्टर घेतला होता. चित्र आलं, पण ४:३ चं (जुन्या टीव्हीच्या आकाराचं) ओढून १६:९ (आताच्या रुंद आकाराचं) केलेलं. घरातली सगळी माणसं आडवी सुटलेली. कॅसेटची फीत जरा ताणलेली असली की वरच्या ओळी वाकतात, तिथे कन्व्हर्टर हात वर करायचा आणि निळा पडदा दाखवायचा. चित्राच्या तळाशी एक थरथरणारी पट्टीही दिसायला लागली. व्हीसीआरची, म्हणजे कॅसेट चालवणाऱ्या यंत्राची, फीत वाचणारी फिरती हेडं एकीकडून दुसरीकडे काम सोपवतात, तिथली ती खूण. नळीवर चित्राच्या कडा मुद्दाम काचेबाहेर काढलेल्या असतात, त्याला ओव्हरस्कॅन म्हणतात. म्हणून ती पट्टी इतकी वर्षं आमच्यापैकी कुणी पाहिलीच नव्हती.

विकणाऱ्याने टीव्ही लावून दाखवायची तयारी केली होती. मी म्हटलं, आधी पाठ दाखवा. समोरून सगळे सारखेच दिसतात. जोडण्या कोणत्या आहेत ते पाठीमागे कळतं. या टीव्हीच्या पाठीवर अँटेनाची खाच, दोन एव्ही इनपुट, त्यांतल्या एकाशेजारी एस-व्हिडिओ, डीव्हीडीसाठी हिरवा-निळा-लाल असा कंपोनंट आणि एक एव्ही आउट. मी लगेच हो म्हणून टाकलं.

पिवळी पिन म्हणजे कंपोझिट. (पांढरी आणि लाल आवाजाच्या, डावा आणि उजवा.) या एका पिवळ्या तारेतून उजेड आणि रंग दोन्ही एकत्र येतात. पाल पद्धतीत (आपल्याकडच्या टीव्हीची रंगीत चित्र पाठवायची पद्धत) रंग सुमारे ४.४३ मेगाहर्ट्झच्या लहरीवर बसवून उजेडाच्या सिग्नलमध्येच मिसळलेला असतो आणि टीव्हीला तो पुन्हा वेगळा काढावा लागतो. नीट जमलं नाही की बारीक चौकड्यांच्या शर्टावर इंद्रधनुष्य खेळतं, रंगीत अक्षरांच्या कडेने ठिपके मुंग्यांसारखे चालत राहतात. यावरचा उपाय म्हणजे जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापायचे तो 'कोम फिल्टर'. कोम म्हणजे कंगवा, आणि नाव अगदी चपखल आहे. उजेडाचा सिग्नल ओळीच्या वारंवारतेच्या पटीत झुपक्याझुपक्याने येतो, मधे फटी राहतात, आणि रंग त्या फटींत बसवलेला असतो. तो कंगव्याने विंचरून काढायचा. हा टीव्ही विंचरतो बऱ्यापैकी. चौकड्यांवरचं इंद्रधनुष्य जवळजवळ गेलंय, उभ्या कडांवरच्या मुंग्या थोड्या उरल्यात. तीन हातांवर बसलं तर दिसत नाहीत.

खरी मजा एस-व्हिडिओची. एस म्हणजे सुपर, असं मी कित्येक वर्षं धरून चालले होते. एस म्हणजे सेपरेट. चार काड्यांची छोटी गोल पिन, तिच्यातून उजेड वेगळा आणि रंग वेगळा येतो, म्हणजे विंचरायचं कामच उरत नाही. हाय-एट हँडीकॅमला ही पिन आहे. उत्साहाने जोडली आणि चित्र आलं काळंपांढरं! टीव्हीच खराब निघाला म्हणून अर्धा तास विकणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. शेवटी बॅटरीच्या उजेडात पिन बघितली तर एक काडी वाकलेली, नेमकी रंगाची. उजेडाची काडी शाबूत, म्हणून चित्र स्वच्छ पण बेरंग. चिमट्याने सरळ केली आणि गवत हिरवं झालं. ही पिन अंदाजाने कोंबू नका, खाचेशी जुळवून मगच दाबा. आवाज तिच्यातून येत नाही, त्याला पांढरी-लाल वेगळी लावावीच लागते.

हँडीकॅमच्या चित्रात पिवळी आणि एस-व्हिडिओ यांतला फरक आमच्या आईलाही कळला, आणि ती चष्मा न लावता बघते. व्हीएचएससाठी मात्र फार आशा धरू नका. त्या फितीवर आडवा तपशील सुमारे २४० ओळींचाच असतो. तार कितीही चांगली लावा, फितीत नाही ते येणार कुठून?

या ओळींवरून एक घोळ होतो. टीव्हीच्या माहितीपत्रकात '५०० ओळी' असं लिहिलं होतं आणि विकणारा म्हणाला, "बघा, पालमध्ये ६२५ असतात, यात थोड्या कमी आहेत." दोन्ही ओळी वेगळ्या. ६२५ म्हणजे वरून खाली रेखाटलेल्या आडव्या ओळी. त्यांतल्या ५७६ मध्ये चित्र असतं आणि उरलेल्या वेळात किरण परत वर जातो (टेलिटेक्स्ट त्याच रिकाम्या जागेतून यायचं). माहितीपत्रकातल्या ५०० म्हणजे शेजारीशेजारी किती उभ्या रेघा वेगळ्या ओळखू येतात, त्या. चित्राच्या उंचीइतक्याच रुंदीत मोजायच्या. पहिला आकडा पद्धत ठरवते, दुसरा सिग्नल आणि टीव्ही दोघं मिळून.

कंपोनंटमध्ये तारा तीन: हिरवीत उजेड, निळी आणि लालमध्ये रंगांचे फरक. तुमच्याकडे एक लाल चित्राची आणि एक लाल आवाजाची असेल तर त्यांची अदलाबदल होणारच, माझी दोनदा झाली. डीव्हीडी यावर सर्वांत छान दिसते. एक एनटीएससीची (अमेरिकेतल्या रंगीत पद्धतीची) डिस्क पिवळ्या तारेवर काळीपांढरी यायची, कारण टीव्हीचा रंग पालवर पक्का करून ठेवलेला होता. मेन्यूत 'ऑटो' केलं आणि रंग आले. कंपोनंटवर ही भानगडच नाही, तिथे रंग कुठल्या लहरीवर बसवलेलाच नसतो. पण डीव्हीडी प्लेयरच्या सेटिंगमध्ये प्रोग्रेसिव्ह (सगळ्या ओळी एकदम पाठवणं) चालू करू नका. हा टीव्ही फक्त इंटरलेस्ड (एकाआड एक ओळी) घेतो. मी केलं, चित्राच्या चिंध्या झाल्या, आणि मेन्यूत परत जायला पिवळी वायर लावावी लागली.

अँटेनाची खाच मी वापरत नाही. अमेरिकेत २००९ साली आणि ब्रिटनमध्ये २०१२ साली अ‍ॅनालॉग प्रक्षेपण आटोपलं. आता ती खाच म्हणजे जुने गेम खेळणाऱ्यांची सोय. चित्र आणि आवाज दोन्ही एका वाहिनीवर चढवून पाठवायचे आणि टीव्हीने उतरवायचे, सगळ्यांत मळकट मार्ग.

आता उणीदुणी. आल्याआल्या 'डायनॅमिक' मोडवर होता, शार्पनेस टोकाला. माणसांच्या कडेला पांढरी किनार. शार्पनेस पार खाली आणल्यावर चेहरे माणसांचे झाले. वरच्या डाव्या कोपऱ्यात सरळ रेघ जरा आत वाकते. ती दुरुस्त करायची तर सर्व्हिस मेन्यूत (दुरुस्ती करणाऱ्यांसाठीच्या लपवलेल्या सेटिंगमध्ये) शिरावं लागतं, आणि मी नाही शिरणार. मागचं झाकण उघडायचा विचारसुद्धा करू नका, बंद केल्यावरही नळीत हजारो व्होल्ट साठून राहतात. चालू करताना 'धब्ब' आवाज येतो, तो नळीचं चुंबकत्व उतरवण्याचा, घाबरायचं कारण नाही. मी शेजारी मोठा स्पीकर ठेवला होता तर कोपरा जांभळा झाला. स्पीकर हलवला, दोनतीनदा बंद-चालू केलं, गेला. याशिवाय एक बारीक शिट्टी सतत येते, १५,६२५ हर्ट्झची. भाचीला त्रास होतो, मला ऐकूच येत नाही. वयाचा हा एवढा एक फायदा.

सगळ्यात जास्त वेळ मात्र पुढच्या झाकणाखालच्या एव्ही पिनांनी खाल्ला. हँडीकॅमसाठी सोय म्हणून त्या दिल्यात. आतून त्या मागच्या एव्ही २ शी जोडलेल्या आहेत आणि पुढे वायर खोचली की मागचा एव्ही २ आपोआप तुटतो. झाकणावर कुठे लिहिलेलं नाही. एव्ही २ वरच्या व्हीसीआरचं चित्र येईना, म्हणून संध्याकाळभर मी त्याची हेडं पुसत बसले होते. पुढे हँडीकॅमची पिवळी वायर तशीच लोंबत होती.