ऐंशी टक्क्यांवर थांबणारे चार्जिंग : बावीस महिन्यांच्या वापरानंतर

बॅटरीची झीज महिन्या-दोन महिन्यांत कळून येत नाही, म्हणून फोनमधल्या या सोयीबद्दल लिहायला मी मुद्दाम बावीस महिने थांबलो. चार्जिंग ८० टक्क्यांवर आपोआप थांबवण्याची सोय आता अनेक फोनांच्या सेटिंगमध्ये असते. ॲपलने ती २०२३ मध्ये आयफोन १५ सोबत दिली आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनांतही ती वेगवेगळ्या नावांनी सापडते.

माझा आधीचा फोन मी रोज रात्री चार्जरला लावून उशीजवळ ठेवत असे. दुसरे वर्ष संपता संपता तो ३० टक्के चार्ज दाखवत असतानाच अचानक बंद पडू लागला. बॅटरी जुनी होते तशी तिची क्षमता घटतेच, पण तिचा अंतर्गत रोधही, म्हणजे वीजप्रवाहाला आतून होणारा अडथळाही, वाढतो. त्यामुळे कॅमेऱ्यासारखे जास्त वीज ओढणारे काम सुरू झाले की व्होल्टेज एकदम खाली येते आणि फोन बंद होतो. त्या अनुभवानंतर नव्या फोनवर मी पहिल्या दिवसापासून ८० टक्क्यांची मर्यादा लावली.

रात्रभर चार्जरवर ठेवल्याने बॅटरीत गरजेपेक्षा जास्त वीज भरली जाते, ही समजूत बरोबर नाही, कारण भरणे पूर्ण झाले की फोनमधले सर्किट ते थांबवते. नुकसान होते ते भरलेल्या अवस्थेत तासन्‌तास राहिल्याने. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरते तेव्हा तिच्या सेलचे व्होल्टेज ४.२ व्होल्ट किंवा त्याहून थोडे अधिक असते, आणि या वरच्या टोकाला आतल्या द्रावणाच्या इलेक्ट्रोडशी होणाऱ्या नको त्या रासायनिक क्रिया वेग घेतात. त्यात काही लिथियम कायमचे अडकून पडते आणि तेवढी क्षमता परत येत नाही. ८० टक्क्यांची मर्यादा बॅटरीला या टोकापासून दूर ठेवते, म्हणून रात्री चार्जरवर राहणाऱ्या फोनांना तिचा लाभ सर्वाधिक आहे.

दिवसाच्या वापरात २० टक्के कमी मिळतात, हे मात्र मान्य करावे लागेल. सुरुवातीचे काही आठवडे संध्याकाळी मला ते जाणवले. पण शेवटचे २० टक्के भरताना प्रवाह हळूहळू कमी केला जातो, त्यामुळे तो टप्पा सर्वांत रेंगाळणारा असतो, आणि मर्यादा लावली की नेमका तोच वगळला जातो. दुपारी थोडा वेळ फोन चार्जरला लावला की माझे काम भागू लागले. असे मधूनच चार्जिंग करणे बॅटरीला मुळीच अपायकारक नाही. बॅटरीचे आयुष्य चक्रांत मोजतात, एक चक्र म्हणजे एकूण १०० टक्के वापर; ५० टक्के वापर दोनदा झाला तर एकच चक्र मोजले जाते, आणि बॅटरी पूर्ण उतरवूनच चार्ज करावी हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला असून लिथियमला तो उलट त्रासदायक आहे.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. ही सोय सेटिंगमध्ये बऱ्याच आत असते आणि उष्णतेबद्दल तिथे जवळजवळ काहीच सांगितलेले नसते. मर्यादा लावूनही जाड कव्हरसह फोन चार्जरवर ठेवून गेम खेळला, किंवा उन्हात उभ्या असलेल्या गाडीत फोन राहू दिला, तर बॅटरी झपाट्याने झिजते, आणि त्यापासून ही सोय वाचवू शकत नाही. शिवाय टक्केवारीचा अंदाज अचूक राहावा म्हणून फोन अधूनमधून आपणहून १०० टक्क्यांपर्यंत चार्ज होतो. पहिल्यांदा मला तो बिघाड वाटला होता.

आज फोन ४३० चक्रे आणि ९५ टक्के क्षमता दाखवतो. आयफोन १५ च्या बॅटरीबाबत ॲपल १००० चक्रांनंतर, अनुकूल परिस्थितीत, ८० टक्के क्षमता राहील असे सांगते, त्या मानाने हा आकडा समाधानकारक आहे. एका फोनवरून यात मर्यादेचा वाटा किती आणि चार्जिंग करताना कव्हर काढण्याच्या सवयीचा किती, हे मात्र ठरवता येत नाही. दरवर्षी फोन बदलणाऱ्यांनी ही मर्यादा लावण्याचे कारण नाही. तीन-चार वर्षे तोच फोन वापरायचा असेल, तर ती अवश्य लावावी. मी ती फक्त प्रवासाच्या दिवशी काढतो, तीही पहाटे, म्हणजे बॅटरी १०० टक्के भरताच फोन चार्जरवरून निघून वापरात येतो.