बेळगावच्या उद्यमबागचं इंजिन हेडवालं वर्कशॉप, काम चोख पण फोन उचलत नाहीत

चार स्टार. पाचवा का कापला ते खाली सांगतो.

आमच्याकडं १९४७ची ब्यूक आहे, आजोबांच्या वेळची, आठ सिलिंडर एका रांगेत. गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटाच्या चढाला लागली की दम सोडायची, सायलेन्सरमधनं फट फट. आधीच्या गॅरेजवाल्यानं (नाव घेत नाही) टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) वाजतात म्हणून सगळे आवळून दिले, आवाज गेला, आम्ही पण खूश. तिथंच वाट लागली ओ. टॅपेटला बारीक गॅपच ठेवला नाही तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, आणि एक्झॉस्टचा, म्हणजे जळका गॅस बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह तर ७०० अंशांच्या वर तापतो, त्याची बरीचशी उष्णता सीटला (तो मिटून बसतो त्या कड्याला) टेकल्यावरच निघून जाते, टेकलाच नाही तर जळणारच की.

मग इंजिन उद्यमबागेत दिलं. हेड (इंजिनाचा वरचा भाग, व्हॉल्व्ह यातच बसतात) झालं, नवीन व्हॉल्व्ह पडले, आणि मिस्त्री म्हणाले लगेच नेऊ नका, २० तास डायनोवर (इंजिन तपासायच्या मशीनवर) लोड देऊन चालवतो. मला वाटलं बिल फुगवायची आयडिया. चौदाव्या तासाला फोन, "सहावा गेला की ओ, येऊन बघून जावा."

गेलो. बाकीच्या सिलिंडरांचं कॉम्प्रेशन (आतला दाब) ११० पीएसआयच्या आसपास, सहाव्याचं ४५. नवा कोरा व्हॉल्व्ह, आणि काठाला उंदरानं भाकरी कुरतडल्यासारखी खाच. मिस्त्रींनी सरळ सांगितलं, चूक आमची, तिथला गाईड (व्हॉल्व्हचा दांडा ज्या नळीत सरकतो ती) जुनाच ठेवला होता. दांडा बोटानं हलवला तर चक्क डुलत होता. सीटवर निळा रंग लावून व्हॉल्व्ह फिरवून दाखवला, गोल वळ उमटायला पाहिजे तर अर्धा चंद्रच उमटला. म्हणजे एका बाजूनं टेकायचा, दुसरीकडनं जळता गॅस निसटायचा.

मग आठही एक्झॉस्टचे गाईड बदलले, वर कडक पोलादी सीट बसवल्या, कारण जुन्या पेट्रोलमधलं शिसं बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) सीटला सांभाळून घ्यायचं आणि ते पेट्रोल देशात २०००पासनं बंद. टॅपेट गरम इंजिनावर १५ थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ) गॅप ठेवला, तो मोजायचा फिलर गेज माझ्याच हातात दिला, म्हणाले तुम्हीच बघा. आणि २० तास परत शून्यापासनं मोजले! दुसऱ्या वेळच्या मजुरीचा एक रुपया घेतला नाही. हेच चोर्ल्यात झालं असतं तर रात्री ट्रकवाल्यांच्या पाया पडत बसलो असतो.

आता तक्रार. तीन आठवडे सांगून अडीच महिने लावले, एस्टिमेट बीडीच्या पाकिटाच्या मागं लिहून दिलं, आणि फोन लागला तर नशीब. बाहेरगावच्यांनी, निपाणी खानापूरवाल्यांनी, थेट जाऊनच उभं राहावं.

गाडी आता चोर्ला तिसऱ्यावर आरामात चढते. थोडी टिकटिक येते. बाबा रोज म्हणतात, "टॅपेट वाजूलालेत, आवळून घे." पान्हा मी कपाटात कुलपात ठेवलाय.